समुद्रकाठची गाडी वर्षातून किती दिवस बंद राहील?

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला डेव्हन नावाचा परगणा आहे. तेथील डॉलिश या लहानशा गावात आगगाडी अक्षरशः समुद्राच्या कडेने धावते. एका बाजूला तांबड्या खडकाचे उंच कडे, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधल्या अरुंद पट्टीत दगडी तटभिंतीच्या आधाराने बसवलेले रूळ. उधाणाच्या भरतीला वारा जोराचा असला की लाटांचे तुषार थेट गाडीच्या टपावर उडतात. प्रवाशांना हे दृश्य फार आवडते. रेल्वेच्या अभियंत्यांना ते मुळीच आवडत नाही.

२०१४ सालच्या फेब्रुवारीत, ४ तारखेच्या रात्री या किनाऱ्यावर मोठे वादळ आले. भरती आणि वादळ एकाच वेळी येऊन भिडले. पहाटेपर्यंत तटभिंतीला ८० ते १०० मीटर लांबीचे खिंडार पडले होते. भिंतीमागचा भराव वाहून गेला, आणि रूळ मात्र स्लीपरांसह झुलत्या पुलासारखे हवेत लोंबकळत राहिले. कडेच्या घरांतील लोकांना बाहेर काढावे लागले. त्या वेळी गाडी नव्हती म्हणून जीवितहानी टळली. पण डेव्हनचा पश्चिम भाग आणि त्यापुढचा कॉर्नवॉल हा सगळा मुलूख रेल्वेने उरलेल्या देशाशी जोडलेला राहिला नाही. प्लिमथला जाणारा आतल्या बाजूचा दुसरा लोहमार्ग होता, पण त्याचा मधला भाग १९६८ सालीच बंद केला गेला होता. काटकसर म्हणून!

दुरुस्तीचे काम चालू असताना दुसरे वादळ आले. मालवाहू जहाजांवरचे पोलादी डबे दगडमातीने भरून, एकमेकांना जोडून, खिंडारापुढे तात्पुरता बांध घातला गेला. मग जवळच टिनमथ गावाजवळ कडा खचू लागला. तेव्हा जोराच्या पाण्याचे फवारे मारून तो मुद्दाम पाडावा लागला. शेवटी ४ एप्रिलला गाडी सुरू झाली. म्हणजे सुमारे दोन महिने एका मोठ्या प्रदेशाची रेल्वे बंद होती.

आता प्रश्न असा की हे अनपेक्षित होते काय? उत्तर आहे, नाही. या घटनेच्या दोन वर्षे आधी, २०१२ साली, प्लिमथ विद्यापीठात डेव्हिड डॉसन या तरुण संशोधकाचा पीएच.डी.चा प्रबंध पूर्ण झाला होता. त्याचा विषयच हा होता : समुद्राची पातळी वाढत गेली तर लंडन ते पेन्झान्स या लोहमार्गाचे काय होईल? पुढे त्यांनी जॉन शॉ आणि रोलंड गेरल्स या प्राध्यापकांबरोबर हे काम २०१६ साली एका संशोधन नियतकालिकात मांडले. हवामानातील बदलाचा रस्ते, पूल, लोहमार्ग यांना किती धोका आहे हे गणिताने काढणे, हा आज अनेक विद्यापीठांतील संशोधकांचा पूर्ण वेळचा उद्योग झाला आहे. हे काम नेमके कसे चालते ते डॉलिशच्या उदाहरणावरून चांगले समजते, म्हणून जरा सविस्तर पाहू या.

ब्रुनेलची भिंत

हा मार्ग इसांबार्ड किंग्डम ब्रुनेल या नामांकित अभियंत्याने आखला. १८४६ साली तो टिनमथपर्यंत खुला झाला. ब्रुनेलने समुद्राची कड का निवडली? कारण ती सपाट होती. आतल्या बाजूला टेकड्या आहेत. तेथे चढ-उतार आले असते. ब्रुनेल या मार्गावर इंजिनाशिवाय गाडी चालवू पाहत होता! रुळांच्या मधोमध एक लोखंडी नळी टाकलेली होती. वाटेत ठिकठिकाणी बांधलेल्या वाफेच्या पंपांनी नळीतील हवा काढून घ्यायची. मग नळीत बसवलेला दट्ट्या मागच्या हवेच्या दाबाने पुढे ढकलला जाई, आणि त्याला जोडलेली गाडीही. नळीच्या वरच्या फटीवर चामड्याची पट्टी होती. ती नीट बंद राहीना, हवा आत शिरे. १८४८ साली हा प्रयोग सोडून द्यावा लागला. पंपघरांपैकी स्टारक्रॉस गावचे एक अजून उभे आहे. नळी गेली, पण समुद्रकाठची वाट मात्र कायम राहिली. मार्ग एकदा बांधला की तो बांधणाऱ्याच्या हेतूपेक्षा कितीतरी जास्त जगतो.

समुद्राने या भिंतीला सुरुवातीपासूनच धक्के दिले. एकोणिसाव्या शतकातच ती अनेकदा फुटली. प्रत्येक वेळी रेल्वेने ती दुरुस्त केली आणि, हे महत्त्वाचे, प्रत्येक वेळी त्याची नोंद ठेवली. कोणत्या दिवशी लाटांमुळे गाडी थांबवली, कधी एकाच रुळावरून वाहतूक चालवली, कधी वेग कमी केला, याची दीडशे वर्षांची टिपणे दप्तरात पडून होती. कारकुनांनी ती विज्ञानासाठी लिहिली नव्हती. पण संशोधकाच्या दृष्टीने ती सोन्याची खाण ठरली.

मोजायचे काय?

धोका हा शब्द आपण सैलपणे वापरतो. गणितात त्याला आकडा लागतो. डॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडलेले माप अगदी साधे होते : वर्षातले किती दिवस समुद्रामुळे वाहतुकीवर बंधने आली? लाटेची उंची नाही, भिंतीवरचा दाब नाही, तर दिवस. मला ही निवड फार शहाणपणाची वाटते. भिंतीवर दर सेकंदाला किती लिटर पाणी चढेल हे सांगितले तर ते अभियंत्याला कळेल. गाडी वर्षातून किती दिवस बंद राहील हे सांगितले तर ते प्रवाशाला, दुकानदाराला आणि मंत्र्यालाही कळते.

दुसरी मोजणी समुद्राच्या पातळीची. कॉर्नवॉलच्या न्यूलिन बंदरात १९१५ पासून भरतीमापक यंत्र नोंदी घेत आहे. इंग्लंडमधील डोंगरांची उंची ज्या 'समुद्रसपाटी'पासून मोजतात ती याच यंत्राच्या पहिल्या सहा वर्षांच्या नोंदींवरून ठरलेली आहे. (आपल्याकडे मुंबईच्या अपोलो बंदरावरील नोंदी याहूनही जुन्या, १८७८ पासूनच्या आहेत. हिंदी महासागराच्या परिसरातील सर्वांत दीर्घ नोंदींत त्यांची गणना होते.) १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. पाणी तापून प्रसरण पावते आणि जमिनीवरचे बर्फ वितळून समुद्रात येते, ही त्याची दोन मुख्य कारणे.

डेव्हनमध्ये तिसरेही एक कारण आहे. तेथील जमीन हळूहळू खाली जात आहे. हिमयुगात स्कॉटलंडवर बर्फाचा प्रचंड थर होता. त्याच्या भाराने तो भाग खाली दबला आणि कडेचा भाग किंचित वर उचलला गेला होता. मऊ गादीवर मध्ये कोणी बसले की कडा वर येते, तसेच. बर्फ जाऊन हजारो वर्षे झाली तरी पृथ्वीची गादी अजून पूर्ववत होत आहे. स्कॉटलंड वर येतो आहे, दक्षिणेकडचा भाग खाली जातो आहे. हा वेग वर्षाला एक मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे नखाच्या वाढीपेक्षाही फार कमी. पण शंभर वर्षांत तोच दहा सेंटिमीटर होतो. किनाऱ्यावरील खाऱ्या दलदलीत खोल पुरलेल्या गाळाचे वय काढून गेरल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला.

थोडी वाढ आणि मोठा फरक

येथे तुम्ही विचाराल, वीस सेंटिमीटर म्हणजे एक वीत. कित्येक मीटर उंचीच्या भिंतीला एका वितीने काय होणार?

वर्गातल्या गुणांचे उदाहरण घ्या. समजा, चाळीस मुलांच्या वर्गात ९० च्या वर गुण मिळवणारा एकच मुलगा आहे, आणि ८५ ते ९० च्या दरम्यान पाच जण आहेत. आता गुरुजींनी सर्वांना सरसकट पाचपेक्षा थोडे अधिक गुण वाढवून दिले. वर्गाची सरासरी तेवढीच वर गेली, फारसे काही बदलले नाही. पण ९० ओलांडणारे मात्र एकाचे सहा झाले! बहुतेक मुले मधोमध गर्दी करून असतात, टोकाला थोडी असतात. रेषा टोकाजवळ आखलेली असेल तर सगळा वर्ग थोडासा सरकला तरी रेषेपलीकडची संख्या काही पटींनी वाढते.

भरत्यांचेही असेच आहे. बहुतेक भरत्या मध्यम असतात, थोड्या फार मोठ्या असतात. भिंत म्हणजे आपली ९० गुणांची रेषा.

त्यात लाटांची भर पडते. किनाऱ्याकडे येणारी लाट उथळ पाण्यात फुटते हे तुम्ही पाहिले असेल. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण पाऊणपटीहून जास्त झाली की ती टिकत नाही, फुटते. समजा, भिंतीच्या पायाशी भरतीला दोन मीटर पाणी आहे. तेथे न फुटता पोचणारी लाट फार तर दीड मीटरची. पाणी अर्ध्या मीटरने वाढून अडीच मीटर झाले तर सुमारे १.९ मीटरची लाटही भिंतीपर्यंत येईल. उंची झाली सव्वापट, पण लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सव्वाचा वर्ग करून पाहा : दीडपटीहून अधिक! म्हणजे समुद्र नुसता वर येत नाही, तो वर येताना अधिक बळ घेऊन येतो.

संशोधकांनी एका अक्षावर समुद्राची पातळी आणि दुसऱ्या अक्षावर बंधनाचे दिवस घेऊन दीडशे वर्षांतील संबंध तपासला. पातळी वाढत गेली तसे दिवस वाढत गेले होते. मग भविष्यातील पातळीचे अंदाज त्याच संबंधात घातले. याला अर्ध-अनुभवजन्य प्रतिमान म्हणतात. अर्धे अनुभवाचे, कारण भूतकाळातील नोंदी घेतल्या. अर्धे सिद्धांताचे, कारण पुढच्या पातळ्या भौतिकशास्त्राच्या गणितातून आल्या. निष्कर्ष असा : समुद्र जास्तीत जास्त वेगाने वाढला, म्हणजे २१०० पर्यंत ०.५५ ते ०.८१ मीटरने वर आला, तर बंधनाचे दिवस वर्षाला ८४ ते १२० होतील. ही वाढ ११७० टक्क्यांपर्यंत जाते.

हा टक्क्यांचा आकडा उलगडून पाहा. १०० टक्के वाढ म्हणजे दुप्पट. ११७० टक्के वाढ म्हणजे मूळच्या १२.७ पट. १२० ला १२.७ ने भागले की सुमारे साडेनऊ येतात. म्हणजे आरंभीचा आकडा वर्षाला नऊ-दहा दिवसांचा धरलेला आहे. नऊ-दहा दिवस गाडी रखडणे प्रवासी सोसतात, कुरकुरतात आणि विसरतात. चार महिने रखडणारी गाडी असून नसल्यासारखीच.

प्रतिमानावर किती विश्वास ठेवायचा?

हा प्रश्न प्रत्येक चांगला संशोधक आधी स्वतःला विचारतो. जुन्या काळात कारकून किरकोळ घटना लिहीत नसतील, आता सगळेच लिहिले जाते, म्हणून दिवस वाढल्यासारखे दिसत असतील काय? मध्यंतरी भिंत मजबूत केली असेल तर तिचा परिणाम कसा वेगळा काढायचा? गाड्याच बदलल्या असतील तर? हा शेवटचा प्रश्न गमतीचा नाही. या मार्गावर २००० नंतर आलेल्या एका नव्या प्रकारच्या डिझेल-विद्युत गाड्यांच्या टपावर विद्युत रोधकांचे संच होते. लाटेचे खारे पाणी त्यावर पडले की गाडी बंद पडे. जुन्या गाड्या त्याच लाटेतून निमूट निघून जात. समुद्र तोच, भिंत तीच, पण गाडी बदलली की धोका बदलला.

प्रतिमान तपासण्याची एक सर्वमान्य रीत आहे. नोंदींतील शेवटची काही वर्षे झाकून ठेवायची, आधीच्या वर्षांवरून प्रतिमान तयार करायचे, आणि झाकलेल्या वर्षांचा अंदाज काढायला सांगायचे. मग कागद उघडून पाहायचे. उत्तरे पाठ करणारा विद्यार्थी आणि विषय समजलेला विद्यार्थी यांतला फरक जसा न पाहिलेल्या प्रश्नपत्रिकेत कळतो, तसाच हा.

आणखी एक मर्यादा अशी की हे प्रतिमान दिवस सांगते, खिंडार सांगत नाही. २०१४ सारखे संकट कोणत्या साली येईल हे त्यातून निघत नाही. अशा विरळ घटनांसाठी संभाव्यतेची भाषा वापरावी लागते, आणि या भाषेने भल्याभल्यांना फसवले आहे. 'शंभर वर्षांतून एकदा येणारे वादळ' म्हणजे एकदा येऊन गेले की शंभर वर्षे स्वस्थ, असे नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की दर वर्षी ते येण्याची शक्यता १ टक्का. न येण्याची ९९ टक्के. सलग तीस वर्षे न येण्याची शक्यता काढायची तर ०.९९ ला तीस वेळा गुणा. उत्तर सुमारे ०.७४ येते. म्हणजे एका माणसाच्या नोकरीच्या काळात ते येण्याची शक्यता २६ टक्के. शंभर वर्षांत येण्याची शक्यता शंभर टक्के नसून ६३ टक्के आहे. आता समुद्र वाढल्यामुळे तेच वादळ 'वीस वर्षांतून एकदा' या वर्गात आले असे समजा. तीस वर्षांत ते येण्याची शक्यता किती? स्वतः करून पाहा. उत्तर ७८ टक्क्यांच्या जवळ आले पाहिजे.

प्लिमथच्या अभ्यासाने पैशांचाही विचार केला. देखभालीचा आणि बंद दिवसांचा वाढीव खर्च काही दशलक्ष पौंडांच्या घरात, एका मोठ्या वादळाचे नुकसान काही कोटी पौंडांच्या घरात, आणि लोहमार्ग आतल्या बाजूने नव्याने नेण्याचा खर्च त्याच्याही दसपटीने, काही शेकडो दशलक्ष पौंड. म्हणून नुसता रेल्वेचा जमाखर्च पाहिला तर मार्ग हलवणे परवडत नाही असे दिसते. पण गाडी नसल्यामुळे त्या प्रदेशातील व्यापार, नोकऱ्या, पर्यटन यांचे होणारे नुकसान मोजले तर? ते मोठे आहे हे उघड आहे, पण नेमके मोजणे अवघड. वादाचा सगळा रोख या अवघड आकड्यावर येऊन ठरतो.

शेवटी मार्ग हलवला नाही, भिंत वाढवली. डॉलिशची नवी भिंत दोन टप्प्यांत बांधून २०२३ साली पुरी झाली. सुमारे ८ कोटी पौंड लागले. ती जुन्या भिंतीपेक्षा अडीच मीटर उंच आहे आणि तिचा माथा समुद्राकडे वळवलेला आहे, त्यामुळे चढलेली लाट वळून पुन्हा समुद्रातच पडते. कढईची कड आत वळलेली असली की ढवळताना आमटी बाहेर सांडत नाही, तसे हे. मागच्या तांबड्या कड्यांचा प्रश्न मात्र वेगळाच आहे, कारण ते पावसाने खचतात, आणि पावसाला भिंत घालता येत नाही.

ऊन, पाऊस आणि जगाचा नकाशा

समुद्र हा एकच धोका नव्हे. उन्हाचे पाहा. पूर्वी रुळांच्या सांध्यात फट ठेवत, आता रूळ जोडून सलग लांब केलेले असतात. त्यांना लांबायला वाव नसतो. मीटरला ६० किलो वजनाचा रूळ ठरावीक तापमानापेक्षा ३० अंशांनी तापला तर त्यात सुमारे ५५ टनांचा दाब साठतो. खडीची पकड कमी पडली तर रूळ सापासारखा वाकडा होतो. ब्रिटनमध्ये रूळ २७ अंशांच्या हिशेबाने ताणून बसवतात. १९ जुलै २०२२ रोजी तेथे हवेचे तापमान प्रथमच ४० अंशांवर, ४०.३ पर्यंत गेले. उन्हात रूळ हवेपेक्षा वीस अंशांपर्यंत जास्त तापू शकतो. बेरीज करा, म्हणजे त्या दिवशी लंडनहून उत्तरेकडे जाणारा मुख्य मार्ग का बंद ठेवला ते कळेल.

२०१९ साली एल्को कोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साऱ्या जगाचे रस्ते आणि लोहमार्ग संगणकात घेतले. पूर, चक्रीवादळे, समुद्राचे आक्रमण, भूकंप यांचे नकाशे त्यावर अंथरले. सुमारे २७ टक्के रस्ते-लोहमार्ग निदान एका तरी धोक्याच्या छायेत आहेत असे दिसले. वार्षिक अपेक्षित नुकसान ३.१ ते २२ अब्ज डॉलर, आणि त्यातील सुमारे ७३ टक्के एकट्या पुराचे, नदीच्या पुराचे आणि साचलेल्या पावसाचे. ३.१ आणि २२ यांत सातपट फरक आहे हे पाहून हसू नका. एवढ्या मोठ्या हिशेबात उत्तराबरोबर आपले अज्ञानही मोजून सांगणे हाच प्रामाणिकपणा होय.

पावसाचा धोका म्हटला की आपल्याला कोकण रेल्वे आठवते. रोह्यापासून मंगळूरजवळील ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, बोगदे नव्वदीच्या वर, आणि डोंगर कापून काढलेल्या खिंडी शेकड्यांनी. २००३ च्या जून महिन्यात वैभववाडीजवळ दरडीचे दगड रुळांवर आले आणि गाडी त्यांवर आदळून ५० च्या वर माणसे गेली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला असाच अपघात झाला. तेव्हापासून दगड अडवणाऱ्या जाळ्या, डोंगरउतारांना पायऱ्या, पावसाळ्यात गस्त, आणि जोराच्या पावसात ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असे अनेक उपाय झाले. जून ते ऑक्टोबर या काळात गाड्यांचे वेळापत्रकच निराळे असते. रत्नागिरीजवळच्या ६४ मीटर उंच पानवल पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे आहेत. वारा ठरावीक वेगाच्या वर गेला की गाड्या थांबवतात.

येथे प्रतिमान करणाऱ्याला डॉलिशपेक्षा कठीण काम आहे. भरतीचे वेळापत्रक आधी छापता येते, दरडीचे येत नाही. उतार कोसळतो तो केवळ आजच्या पावसाने नाही. आधीच्या काही दिवसांत मातीत किती पाणी मुरले आहे यावर ते अवलंबून असते. कणाकणांतील पाण्याचा दाब वाढला की त्यांची एकमेकांवरची पकड सैल होते, आणि मग शेवटच्या एका सरीचे निमित्त पुरते. शिवाय पाऊस मोजायचा कोठे? २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३. कुलाब्याच्या पर्जन्यमापकावर विसंबून सांताक्रूझच्या रुळांचे भवितव्य सांगणारा काय सांगणार? हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, एवढे भौतिकशास्त्र पक्के आहे. ते बाष्प नेमके कोणत्या खिंडीवर रिते होईल, तेथे संशोधन अडते.

त्यातून वाहतुकीचे जाळे हा आणखी एक विषय निघतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदी फुगली आणि चिपळूण ते कामथे यांच्या दरम्यान गाड्या थांबल्या. पाण्याखाली होता तो एक लहान तुकडा. अडकला तो शेकडो किलोमीटरचा मार्ग. म्हणून संशोधक संगणकातील नकाशावरून एकेक पूल, एकेक खिंड पुसून पाहतात आणि विचारतात, आता येथून तेथे जायला किती लांबचा फेरा पडतो? ज्याला पर्यायच नाही असा साधा पूल कधीकधी सर्वांत मोलाचा ठरतो, आणि भव्य पूल यादीत खाली जातो.

या कामावर घेतलेल्या संशोधकाच्या टेबलावर मग काय काय असते? हवामानाच्या प्रतिमानांतून आलेले आकड्यांचे डोंगर, रेल्वेची जुनी टिपणे, जमिनीच्या उंचसखलपणाचे नकाशे, आणि स्वतः लिहिलेल्या संगणकाच्या आज्ञावल्या. अशी जागा भरताना विद्यापीठे कोणाला स्थापत्य अभियांत्रिकीतून घेतात, कोणाला भूगोलातून, कोणाला संख्याशास्त्रातून. नेमणूक बहुधा दोन-तीन वर्षांपुरती असते, आणि त्या मुदतीत पुढच्या ऐंशी वर्षांबद्दल बोलायचे असते! यातला बराचसा वेळ आकडे स्वच्छ करण्यात जातो. एकाच मोरीचे नाव तीन वह्यांत तीन तऱ्हांनी लिहिलेले असते, एका वर्षाच्या नोंदींची पानेच गहाळ असतात. हे कंटाळवाणे काम ज्याने टाळले त्याच्या सुंदर आलेखावर विश्वास ठेवू नये.

असा अभ्यास लहान प्रमाणावर शाळेतही करता येईल. तुमच्या गावाजवळ पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा एखादा फरशीपूल असेलच. एका वहीत तारीखवार तीन रकाने आखा : पुलावरून वाहतूक किती तास बंद राहिली, त्या दिवशी पाऊस किती पडला, आणि आदल्या दोन दिवसांत मिळून किती पडला. पावसाचा आकडा तहसील कार्यालयातून मिळेल, किंवा सरळ कडांचा डबा उघड्या मैदानात ठेवून पट्टीने मोजता येईल. मागच्या वर्षांसाठी एस.टी.च्या आगारात आणि गावातील वृद्ध माणसांकडे विचारा, पण त्यांनी सांगितलेले वेगळ्या शाईने लिहा, म्हणजे मोजलेले आणि आठवलेले यांत गल्लत होणार नाही. पाणी वाहत असताना पुलाकडे जायचे नाही. उन्हाळ्यातच पुलाच्या खांबावर दुरून वाचता येतील असे रंगाचे पट्टे गुरुजींच्या मदतीने मारून घ्या. दोन पावसाळे झाल्यावर दोन दिवसांचा पाऊस आडव्या अक्षावर आणि बंद तास उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. किती मिलिमीटरपाशी ठिपके शून्य सोडून वर उडी घेतात ते पाहा, आणि तिसऱ्या पावसाळ्यात तो आकडा खरा ठरतो का ते तपासा.